बसणारा पाय

दिघीच्या खाडीकाठी बुधाजी सुतार मचवे बांधायचा, तेव्हा मी तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि आठवड्यातून दोनदा खाडीपलीकडून तरीच्या होडीने येणारे डॉक्टर. उरलेले पाच दिवस डॉक्टर मीच. लोक मला पंत म्हणत, आणि मीही स्वतःला बराच शहाणा समजत असे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या शहाणपणाचा वाटा मोठा आहे.

बुधाजीला चार हात आहेत असं मी म्हणायचो. दोन वरचे, दोन खालचे. आमच्याकडचा सुतार उभा राहून काम करत नाही. तो जमिनीवर उकिडवा बसतो, फळी पायाखाली दाबतो, तिची कड अंगठ्याच्या बेचक्यात धरतो आणि वरून वाकस चालवतो. वाकसाचं पातं अंगठ्यापासून बोटभर अंतरावर पडतं. नवख्याला बघवत नाही. बुधाजीचा उजवा अंगठा अशी लाकडं धरून धरून चांगला रुंद, चपटा झाला होता, आणि गावात त्याला ‘बुधाजीची पक्कड’ म्हणत. एकोणीसशे पंचवीसच्या मार्गशीर्षात ती पक्कड गेली.

कान्हा तांडेलाचा नवा मचवा तेव्हा बुधाजीच्या मांडवात उभा होता. तळाचं लाकूड बसलं होतं, बरगड्या उभ्या राहिल्या होत्या, फळ्या चढायच्या होत्या. एक टेकू सरकला आणि सगळा सांगाडा कलंडून बुधाजीच्या उजव्या नडगीवर आला. हाडाचा भुगा झाला. मुंबईच्या बोटीत घालून त्याला नेला, आणि तिकडे गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा पाय कापला. माघात तो परत आला तो कुबड्यांवर.

दुसऱ्याच दिवशी कान्हा भेटायला आला. कान्हा वाईट माणूस नव्हता. येताना त्याने पापलेटं आणली, सोनूबाईशी, म्हणजे बुधाजीच्या बायकोशी, चार धीराचे शब्द बोलला. मग बराच वेळ तो आपल्या अर्धवट मचव्याकडे बघत बसला.

“बुधाजी, जीव वाचला, लय बरं झालं,” तो म्हणाला. “पन होडीचं काय करूया?”

“नारळी पुनवेला तुजी होडी पान्यात असंल.”

“आरं, पन तू बसशील कसा?”

कान्हाने अक्षय्यतृतीयेची मुदत दिली. तोवर फळ्या चढायला लागल्या नाहीत तर तो पलीकडून, अगरदांड्याहून, दुसरा सुतार आणणार होता. त्यात त्याची काही चूक नव्हती. मासळीचा हंगाम कोणाच्या पायासाठी थांबत नाही. पण आपण उभा केलेला सांगाडा आपल्याच मांडवात दुसऱ्याने पुरा करायचा, हे सुताराला मेल्याहून मेल्यासारखं. त्यानंतर त्याला कोणी पाटसुद्धा करायला सांगत नाही.

मी लगेच कामाला लागलो. मुंबईच्या एका धर्मादाय मंडळाला माझ्या उत्तम इंग्रजीत पत्र लिहिलं. ‘गरीब, होतकरू, कुटुंबवत्सल कारागीर’ वगैरे. मंडळाने त्याला मापासाठी बोलावलं. तिथल्या कारागिराने उरलेल्या पायाच्या खुंटाला चुन्यासारखा लेप लावून साचा घेतला आणि विचारलं, रोज किती चालता?

“मी चालत न्हाय,” बुधाजीने सांगितलं, “मी बसतो.”

कारागीर हसला म्हणे. बसायला कशाला पाय लागतो?

चैत्र लागता लागता पाय आला. खोक्यात, गवतात गुंडाळून. मी तो दवाखान्याच्या टेबलावर मांडला आणि निम्मा गाव बघायला आला. वस्तू खरोखर देखणी होती. वर मांडीला आवळून बांधायचं चामड्याचं कवच, त्याला बुटासारखी दोरी. त्या कवचापासून दोन्ही बाजूंनी खाली येणाऱ्या लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी. खाली पोकळ लाकडी पोटरी, तिच्यात खुंट घालायचा. घोट्यात रबराचा ठोकळा, म्हणजे पाऊल टाकताना हादरा बसू नये. आणि त्या पावलावर चकचकीत तपकिरी बूट. जोडीचा डावा बूटही पाठवला होता. बुधाजीने जन्मात बूट घातला नव्हता.

मी स्वतः त्याला तो पाय बांधला. तो उठला, कुबड्या टाकल्या आणि दवाखान्याच्या ओट्यावरून तरीच्या धक्क्यापर्यंत चालत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. सोनूबाईने पदराने डोळे पुसले. मी त्या दिवशी दोन वेळा जेवलो नाही इतका आनंदात होतो.

घरी गेल्यावर बुधाजीने उंबऱ्यात बूट काढला. माणूस घरात जाताना काढतोच. पण तो पाय बुटाच्या टाचेच्या हिशेबाने जुळवलेला होता. टाच निघाली तसा सगळा पाय मागे झुकला आणि बुधाजी अंगणात उताणा पडला. उंबऱ्याबाहेर बूट आणि आत बुधाजी, असं त्या पायाला मान्य नव्हतं. शेवटी सोनूबाईने बूट शेणामातीने सारवून ‘शुद्ध’ केला आणि देव्हाऱ्याकडे पडदा लावून त्याला घरात घेतला.

खरी फजिती मांडवात झाली. बुधाजी वाकस घेऊन मचव्याशी गेला, उकिडवा बसायला लागला आणि अर्ध्यावरच अडकला. बिजागऱ्या खुर्चीत बसण्याइतक्याच वाकत होत्या. जोर लावला तर पोटरीची मागची कड गुडघ्यामागच्या शिरांत विळीसारखी घुसायची. मुंबईच्या कारागिराने खुर्चीपुरता पाय दिला होता, आणि दिघीत खुर्ची एकच होती, ती दवाखान्यात. मी मोठ्या मनाने ती मांडवात पाठवली. खुर्चीवर बसून बुधाजीने चार दिवस वाकस चालवला आणि दोन चांगल्या फळ्या वाया घालवल्या. मी त्याला धीराने सांगितलं की सवयीने जमेल.

त्यात खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्यांना गंज चढला. होडीला लावतात तेच मुशी माशाचं तेल बुधाजीने त्यांना चोपडलं. वास असा, की तो रस्त्याने निघाला की कोळीवाड्यातली मांजरं मागे निघायची. लोक हसायचे. बुधाजीही हसायचा, पण अक्षय्यतृतीयेला तीन आठवडे उरले होते आणि मचव्यावर एकही फळी चढली नव्हती.

एका सकाळी मी मांडवात गेलो तर मंडळाचा पाय खिळे काढून सुटा करून ठेवलेला. कवच एकीकडे, पट्ट्या एकीकडे, बूट वाळूत.

“अरे, काय केलंस हे!” मी ओरडलो. “धर्मादाय मंडळाचा माल आहे तो! मी काय उत्तर देऊ त्यांना?”

“सांगा, पावला म्हनून,” बुधाजी म्हणाला. “पंत, होडी का गळते ते बगायचं तर आदी फोडावी लागते. ह्यात वाईट काय न्हाय. केलाय झ्याक. पन माज्यासाठी न्हाय केला.”

त्याने शिवणीच्या झाडाचं लाकूड काढलं. शिवण हलकी, आणि वाळल्यावर तडकत नाही. खुंटाला लागेल अशी पोकळी त्याने पटाशीने कोरायला घेतली, आणि ती बसवायची रीत मचव्याचीच. बरगडीला फळी बसवताना सुतार बरगडीला गेरू फासतो, फळी दाबतो आणि काढून बघतो. जिथे तांबडं लागलं तिथे लाकूड वर आलंय, तेवढं तासायचं. पुन्हा गेरू, पुन्हा दाबायचं. बुधाजीने गेरू खुंटाला फासला. पोकळीत खुंट घालायचा, भार द्यायचा, काढायचा, तांबडे डाग तासायचे. दिवसातून वीस वेळा. पहिल्या दिवशी सोनूबाई जेवण घेऊन आली, नवऱ्याच्या खुंटाला लालभडक बघितलं आणि तिने जी किंकाळी फोडली ती तरीतल्या लोकांनी ऐकली. टोपली पडली, भाकऱ्या वाळूत गेल्या. मग तो गेरू आहे हे कळल्यावर तिने त्याला जे काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

चार दिवसांनी बुधाजीने मला बोलावलं आणि मलाच शिकवायला लागला.

“पंत, ह्या खुंटाच्या टोकावर भार न्हाय घ्यायचा. होडी जमिनीवर ठेवली तर तळावर ठेवतो काय आपन? न्हाय. बगलंत टेकू देतो. तसा हा खुंट बाजूंनी धरायचा. आनि सगळ्यात तगडी जागा ही.” त्याने गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर बोट ठेवलं. “हितं खाली जरा फुगवटा ठेवला की सगळं वजन हितं बसतं. बगा.”

मी दहा वर्षं मलमपट्ट्या करत होतो. मला हे कधी सुचलं नव्हतं. मी ‘हं’ म्हणालो, जणू मला ठाऊकच होतं.

पोटरीची मागची कड त्याने चार बोटं खाली उतरवली, म्हणजे गुडघा पुरता मिटावा. लोखंडी पट्ट्या टाकूनच दिल्या. गुडघ्याच्या वाटीच्या वरून एक रुंद सुती पट्टा, बस. आत सोनूबाईच्या जुन्या, मऊ लुगड्याचे थर. खुंट दिवसेंदिवस बारीक होत जातो, तसा महिन्याला एक थर वाढवायचा. पाऊल सपाट आणि रुंद, टाच नाहीच. आणि अंगठा असायचा तिथे त्याने इंचभर खोल खाच पाडली, फळीची कड धरायला. मुंबईच्या पायातलं त्याने एकच घेतलं, तो रबराचा ठोकळा. त्याच्या चकत्या कापून तळव्याला ठोकल्या, म्हणजे फळी निसटू नये.

अक्षय्यतृतीयेला कान्हा आला. सोबत अगरदांड्याचा सुतार होता, अवजारांची पिशवी घेऊनच. मांडवात बुधाजी उकिडवा बसला होता. फळीची कड लाकडी पावलाच्या खाचेत, हातात वाकस, आणि ढलप्या उडत होत्या. एक घाव मुद्दाम चुकवून त्याने आपल्या पावलावर मारला. कान्हा दचकून मागे सरला.

“रगत न्हाय येत आता,” बुधाजी म्हणाला. “लय सोय झाली.”

मचवा नारळी पौर्णिमेला पाण्यात गेला. कान्हाने सगळ्यांसमोर बुधाजीला पागोटं बांधलं आणि असली होडी ह्या खाडीत झाली नाही म्हणाला. बुधाजी भिजलेल्या वाळूत लाकडी पाय रोवून उभा होता आणि लहान मुलासारखा रडत होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याने जे मागितलं होतं ते त्याला मिळालं होतं. तो होडीचा सुतार होता आणि राहिला होता.

मी तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली माझी गत. तळा गावाहून दवाखान्यात एक लाकूडतोड्या आला, पाय सडून कापलेला. मी त्याला चिठ्ठी देऊन बुधाजीकडे पाठवलं.

“मी होड्या बांधतो, पंत,” बुधाजी म्हणाला.

“एक पाय कर रे. पुण्य लागेल.”

त्याने केला. लाकूडतोड्याला त्याने आधी काम विचारलं, डोंगर चढून दाखवायला लावलं आणि चढणीला सोपा असा पाय दिला. तो माणूस तळ्यापर्यंत सांगत गेला. मग माडावर चढणारा एक भंडारी आला. त्याच्या पावलाला आतून अशी खोबण की खोडाला बिलगावी. मग भागुबाई नावाची म्हातारी आली. ती भातलावणी करायची, म्हणून तिचं पाऊल ताटाएवढं रुंद, चिखलात रुतू नये असं. कोणाला चालायला, कोणाला उभं राहायला, कोणाला ओझं घेऊन उतरायला. मुंबईत एकच पाय सगळ्यांना देत होते आणि इथे एकासारखा दुसरा नव्हता. मला तर चेवच चढला. मी अलिबागच्या एका साप्ताहिकात लेख दिला. ‘कोकणातील काष्ठपाद-विशारद’. खाली माझं पूर्ण नाव. त्यानंतर तरीतून रोज कोणीतरी लंगडत उतरायचा.

दोन वर्षांत मांडवाच्या आडव्या वाशाला पायच पाय लटकायला लागले. वाळत घातलेले, अर्धे झालेले, मापाचे. बाकावर माणसं बसलेली, खुंट उघडे ठेवून. आणि ह्याच वाशाखाली होड्या चालवणाऱ्या तांडेल लोकांनी आपल्या होडीचं पहिलं लाकूड बसवायला यायचं.

दर्यावर जाणारा माणूस शकुन बघतो. निघताना कोणी रिकामी घागर घेऊन आडवी गेली तरी घरी परततो. तो आपली होडी अशा ठिकाणी कशी जन्माला घालील? तोंडावर कोणी काही बोललं नाही. “पाय लय झ्याक करतोस रं बुधाजी,” असं म्हणत, राम राम करत, आणि होडी अगरदांड्याला घालत. पहिल्या वर्षी बुधाजी म्हणाला, हंगाम बरा नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाला, सागाचा भाव वाढलाय. तिसऱ्या वर्षी त्याने कारणं द्यायची सोडली.

एकदाच त्याने मला सांगितलं, “पंत, चिठ्ठ्या थांबवा आता. मना होडी बांधायचीय.”

मी म्हटलं, बरं. पुढच्याच आठवड्यात कोकिळा नावाची एक तरणी पोर आली, आणि मी तिला चिठ्ठी दिली. तिला नाही म्हणवेना. त्यानंतरच्याला का नाही म्हणायचं? माणूस चांगली कामं करताना किती निगरगट्ट होतो, हे मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं आणि लाज वाटते.

छत्तीस सालच्या माघात मी मांडवात बसलो होतो. सकाळची वेळ. कान्हा तांडेल वाळूतून येताना दिसला. आता केस पिकले होते. हातात तबक, तबकात नारळ, हळद-कुंकू, गुळाचा खडा. होडी सांगायला सुताराकडे असंच येतात.

बुधाजीने ते बघितलं आणि हातातली पटाशी खाली ठेवली. बाकावरच्या दोन माणसांना त्याने घरामागे पाठवलं. “सोनू, पाट मांड गं,” अशी हाक दिली. मग मला म्हणाला, “पंत, जरा हात लावा.” वाशांच्या वर, छपराच्या गवताखाली, एक सागाचं लाकूड होतं. सरळ, अठरा हात लांब, गाठ नाही. होडीच्या तळाचं. कधी आणून ठेवलं होतं, मला पत्ता नव्हता. आम्ही दोघांनी ते खाली उतरवून दोन ओंडक्यांवर ठेवलं. बुधाजीने धोतराच्या सोग्याने त्याच्यावरची धूळ पुसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कान्हा आला आणि लाकडाकडे बघून उभाच राहिला. त्याला कुठे बघावं ते कळेना.

“बुधाजी,” तो म्हणाला, “सदूचा पाय गेला रं. माज्या भावाचा. दोरात सापडला. मुंबईला कापला, गुडघ्याखाली.”

बुधाजीने हातातला धोतराचा सोगा खाली सोडला.

“मुंबईवाले पाय देत होते. सदू म्हनला, न्हाय, बुधाजीचाच पायजे. म्हनून होडीचा मान घेऊन आलो.” आणि मग त्याने तेही सांगून टाकलं, कारण खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. “नवा मचवा अगरदांड्याला घातलाय. रागावू नको. घरची बायामानसं ऐकत न्हायत.”

सोनूबाई पाट घेऊन दारात आली होती, ती तशीच मागे फिरली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. कान्हाला शिव्या द्याव्यात असंही वाटलं, पण द्यायच्या तर आधी मला स्वतःला द्यायला हव्या होत्या.

“सदू परत दर्यात जानार?” बुधाजीने विचारलं.

“जानार म्हनतो. वल्ह्यावर उभं ऱ्हायचं म्हनतो.”

“मंग शिवण उपयोगाची न्हाय. खाऱ्या पान्यात कुजंल. पाऊल सागाचं पायजे.”

त्याने तबकातलं कुंकू घेऊन त्या लाकडाला लावलं, हळद लावली, नारळ फोडला. सगळं जसं होडीला करतात तसं. मग करवत घेतली, लाकडाच्या बरोबर मध्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि पातं रेघेवर ठेवलं.

“आरं, आरं!” कान्हा पुढे झाला. “मधी कशाला? येवढा लांब साग! टोकाचा वीतभर घे की.”

“आनि बाकीचा कशापायी ठेवू, कान्हा?”

बुधाजीने लाकडी पाऊल सागावर रोवलं. लाकूड हलत होतं, म्हणून कान्हाने तबक वाळूत ठेवलं, पलीकडे जाऊन दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं, आणि बुधाजीने करवत चालवली.